रुळांवरचे टपालघर

वारासिवनी, सिवनी आणि सिवनी-मालवा ही तिन्ही गावे आपल्या मध्य प्रदेशातच आहेत. पहिले आपले, बालाघाट जिल्ह्यातले. दुसरे स्वतःच जिल्ह्याचे ठाणे. तिसरे दूर नर्मदेच्या बाजूस, पूर्वीच्या होशंगाबाद जिल्ह्यात. घाईने पत्ता लिहिणारा मनुष्य तिघांनाही नुसते ‘सिवनी’ म्हणून मोकळा होतो. अशी पत्रे वेगवेगळी करून योग्य वाटेस लावणारी माणसे एके काळी धावत्या गाडीत रात्रभर उभी असत. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात पहिली आगगाडी १८५३ साली धावली, आणि पुढच्याच वर्षी सर्व देशास एकच दर लावणारे टपालखाते उभे राहिले. गाडी वेगाने जाई खरी, परंतु थैल्यांतील पत्रे मोठ्या डाकघरी निवडली जाईपर्यंत पडून राहत. मग प्रवासाचाच वेळ कामी का लावू नये? इंग्लंडात ही युक्ती १८३८ मध्ये अमलात आली होती. आपल्याकडे १८६३ च्या मे महिन्यात अलाहाबाद ते कानपूर या मार्गावर तिचा आरंभ झाला. पुढे याच व्यवस्थेस रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजेच आर. एम. एस., हे नाव मिळाले. तिच्या विभागांना अक्षरांची नावे असत. नागपूरचा ‘एफ’, भुसावळचा ‘एल’.

तो डबा म्हणजे चालते डाकघरच. भिंतीला लागून लाकडी खणांच्या रांगा, खाली तोंडे उघडी ठेवून टांगलेल्या थैल्या, सुतळी, लाख, शिक्के. डब्यास बाहेरून पत्रपेटीही असे. गावची डाक निघून गेल्यावर धावत स्टेशन गाठणाऱ्याने लेट फीचे तिकीट लावून पत्र तीत टाकावे. आत सॉर्टर हेलकाव्यांत तोल सांभाळीत एकेक पत्ता वाची. अक्षर गिचमिड, शाई फुटलेली, खेड्याचे नाव अपुरे. तरी कोणते खेडे कोणत्या डाकघराखाली येते आणि त्याची थैली कोठे उतरावयाची, हे त्यास तोंडपाठ असावे लागे. पुढचे स्टेशन येण्यापूर्वी थैली बांधून मोहोरबंद झालीच पाहिजे. गाडी कोणासाठी थांबणार?

आपला मुलूख त्या मोठ्या मार्गापासून थोडा आडबाजूस. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूर व जबलपूरकडे अडीच फुटी सातपुडा रेल्वे झाली. बालाघाटहून वारासिवनी, कटंगीकडे जाणारी शाखाही त्याच अरुंद रुळांची. नागपूरकडून रेल्वेने येणाऱ्या माणसांप्रमाणे रेल्वेच्या थैल्यांनाही गोंदियास मोठी गाडी सोडावी लागे. परगावी मजुरीस गेलेल्या मुलाची मनिऑर्डर, माहेरचे खुशालीचे कार्ड, नोकरीचे बोलावणे, या साऱ्यांची वाट अशी होती.

ऱ्हास एका दिवसात झाला नाही. १९४९ मध्ये रात्रीची विमानडाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास भेटत आणि थैल्या बदलून पहाटेपर्यंत परतत. रस्ते वाढले, मोटारी आल्या, पुढे घरोघरी टेलिफोन. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धावत्या गाडीतील निवड बंद करून ते काम स्थिर कार्यालयांकडे देण्यात आले. अमेरिकेत असा शेवटचा डबा १९७७ मध्ये, तर इंग्लंडात २००४ मध्ये थांबला. आपल्याकडे थैल्या आजही रेल्वेने जातात. मात्र बंदच जातात.

सॉर्टरच्या स्मरणाचे पुष्कळसे ओझे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडने उचलले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. हे गृहस्थ संस्कृत कवीही होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वारासिवनीचा अंक ४८१३३१, सिवनीचा ४८०६६१. सोय मोठी, यात शंका नाही. परंतु अंक चुकला की उरलेला पत्ता वाचावयास आता फारसे कोणी थांबत नाही, असा आमचा अनुभव आहे.

अलीकडेच एका विवाहासाठी वराचा बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्या मूळ धर्मग्रामातून टपालाने यावयाचा होता. पाठविणाऱ्याने गाव ‘सिवनी’ लिहिले, अंकही सिवनीचाच घातला. जिल्हा मात्र बालाघाट. दोन्ही घरची मंडळी रोज डाकघरी फेऱ्या घालीत होती, मांडवाची इसारतही दिली गेली होती. अखेर अकराव्या दिवशी पाकीट आले. त्यावर कोणीतरी तांबड्या शाईने अंक खोडून ‘सिवनी’च्या आधी ‘वारा’ ही दोन अक्षरे लिहिली होती.