पीप साइट: बारीक छिद्राची किमया

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात उभं राहिलं की ठासणीच्या बंदुका आठवतात. त्यांच्यावर नेम धरताना मागची खाच, नळीवरची पुढची माशी आणि निशाण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पीप साइट हीच अडचण सोडवते. डोळ्याजवळच्या चकतीतल्या बारीक छिद्रातून पाहिलं की नजर आपोआप मध्यावर येते आणि माशी ठसठशीत दिसते.

जुळवणीचा नियम सोपा: गोळ्या डावीकडे पडत असतील तर मागची साइट उजवीकडे सरकवा, खाली पडत असतील तर वर उचला.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, तेही दुर्बिणीविना, पीप साइटवरच. तिथं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं!

नव्या नेमबाजांनो, निशाण थोडं धूसर दिसू द्या. नजर मात्र माशीवरच ठेवा.