परसातला वेलाचा वाल
वाल दोन चणींचा असतो: झुडपासारखा बुटका आणि आधारावर चढणारा वेलाचा. ‘कोकण भूषण’ या बुटक्या वाणाला मांडव लागत नाही. वेलाचा वाल मात्र थोड्या जागेत कित्येक आठवडे शेंगा देतो, म्हणून परसबागेला तोच सोयीचा.

आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुपे गावासारख्या ठिकाणी वाणाची निवड पाऊस ठरवतो. पारंपरिक वालाला दिवस लहान होऊ लागले की फुले येतात. वेल पावसात वाढतो आणि पाऊस ओसरल्यावर बहरतो. त्यामुळे मोहोर झडीत सापडत नाही.

साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. म्हणून उंचवट्यावर शेणखत मिसळून २ ते ३ सेंटिमीटर खोल ३-४ बिया टोकाव्यात आणि उगवल्यावर दोन जोमदार रोपे राखावीत. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या पेरतानाच रोवाव्यात. मागाहून रोवल्यास मुळे दुखावतात. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसताच तेवढे शेंडे खुडावेत.

भाजीच्या शेंगा कोवळ्याच तोडाव्यात, म्हणजे नवा बहर येत राहतो. बियाण्यासाठी निरोगी वेलाच्या शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्याव्यात. सोललेले बी कोरड्या राखेत ठेवल्यास भुंगा कमी लागतो.