सेवा हवी, वेठ नको

राहाता तालुक्यातील सिस्टर भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी

२०२५ साली १२ मे या तारखेला दोन मोठे दिवस एकत्र आले होते. त्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती, म्हणजे तथागत भगवान बुद्धांची जयंती. आणि त्याच दिवशी जागतिक परिचारिका दिनही होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा, म्हणून जगभर हा दिवस परिचारिकांचा मानतात. विहारात वंदना चालू असताना आपल्या कितीतरी लेकी-सुना उपासिकेची पांढरी साडी घरी ठेवून, युनिफॉर्म घालून ड्युटीवर गेल्या होत्या. दवाखान्याला पौर्णिमेची सुट्टी नसते.

राहाता तालुका दवाखान्यांच्या बाबतीत मोठा आहे. लोणीला प्रवरेचे ग्रामीण रुग्णालय, मेडिकल कॉलेज आणि नर्सिंग कॉलेज आहे. शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. राहात्याला सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे आहेत. शिवाय नगर-मनमाड रोडच्या कडेने खाजगी दवाखाने आहेतच. उसाच्या फडात आणि पेरूच्या बागेत रोजंदारीने गेलेल्या आईबापांच्या मुली आज या दवाखान्यांत सिस्टर म्हणून उभ्या आहेत, याचा कोणाला अभिमान वाटणार नाही?

पण बंधू-भगिनींनो, अभिमान वाटणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. नाइट करून सकाळी घरी आलेल्या सुनेला आपण काय विचारतो? 'पाणी भरून ठेवलं का?' दिवसभर दुसऱ्यांचे दुखणे काढणाऱ्या बाईचे स्वतःचे काय दुखते, हे विचारायला घरात कोणी नसते आणि दवाखान्यातही कोणी नसते. तोच विषय आज घ्यायचा आहे.

तथागतांनी घातलेला नियम

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदासह फिरत फिरत तेथे आले. 'तुझी शुश्रूषा कोणी करत नाही का?' असे त्यांनी विचारले. भिक्खूचे उत्तर असे, की माझा इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून कोणी येत नाही. तथागतांनी पाणी आणवले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले.

हा प्रसंग आपण प्रवचनात अनेकदा ऐकतो. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संघ बोलावला आणि आजाऱ्याची जबाबदारी कोणावर हे ठरवून दिले. आधी उपाध्यायाने, नाहीतर शिष्याने, कोणीच नसेल तर संघाने त्याला पाहायचे, आणि न पाहिल्यास तो दोष मानायचा. म्हणजे शुश्रूषा कोणाच्या दयेवर सोडली नाही. तिची व्यवस्था लावली.

चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण तथागतांनी सांगितले. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य-कुपथ्य कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, वांती काढताना किळस मानू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे. आजचे नर्सिंगचे शिक्षण यापेक्षा वेगळे काय सांगते?

त्याच महावग्गात आणखी एक नियम आहे. एखादा भिक्खू वारला, तर त्याची वस्तू संघाची असते. तरीही ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे, म्हणून त्याचे पात्र आणि चीवर त्यांना द्यावे. शुश्रूषा करणाऱ्याचाही हक्क असतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

सावित्रीमाईंची पाठ

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच माईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला, पण माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ज्या वस्तीत कोणी पाय ठेवत नव्हते तेथून आपले लेकरू उचलणारी ही माउली. तिच्यापुढे आपण नतमस्तक होतो. मात्र त्यातून एक चुकीचा धडा काही लोक घेतात, की सेवा करणाऱ्या बाईने मरेपर्यंत राबावे. माईंच्या काळी प्लेगवर प्रभावी औषध नव्हते. आज हातमोजे आहेत, मास्क आहेत, लसी आहेत. आज एखाद्या सिस्टरला हातमोज्यांवाचून काम करावे लागत असेल, तर तो त्याग नव्हे. ती व्यवस्थेची कसूर आहे.

'सेवा' शब्दाचा आपला अनुभव

आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीची कामे सेवा म्हणूनच करावी लागत. महार वतनात कामाला वेळ ठरलेली नव्हती. रात्री-अपरात्री बोलावणे आले की निघायचे. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. मोबदला बलुत्याचा, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीचा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या आणि ज्याला वतन नको त्याला सुटू द्या, असा त्याचा आशय होता. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला ५४ तासांचा आठवडा ४८ तासांवर आला.

म्हणून 'सेवा' हा शब्द आला की आपल्या समाजाने कान टवकारावेत. तासांचा हिशेब नाही, डबल ड्युटीचा मोबदला नाही, पगार मालकाच्या मर्जीवर आणि वर 'तुमचे काम म्हणजे पुण्याचे' हे ऐकायचे. हे नव्या कपड्यातले वतन नाही तर काय?

खाजगी दवाखान्यांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २०१६ साली केंद्राच्या समितीने शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. १०० पेक्षा जास्त खाटांना तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी असावा, आणि ५० पेक्षा लहान दवाखान्यातही महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा. या शिफारशी आहेत, पण आपल्या मुलीच्या हातात काय पडते ते या आकड्यांशी ताडून पाहा. सरकारी दवाखान्यातही कंत्राटाची टांगती तलवार आहेच. जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध आंदोलन केले, ते उगाच नव्हे.

नगरची आग

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. कोविडचे अकरा रुग्ण त्या दिवशी दगावले. त्या घरांचे दुःख सगळ्यात मोठे आहे, हे आधी सांगितले पाहिजे. पुढे काही दिवसांतच एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला.

कोणाची चूक किती, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. आपण एवढाच विचार करू. रुग्णाजवळ कोण होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण वायरिंग कोणी तपासायचे, आगीची यंत्रणा कोणी बसवायची, खाटांच्या मानाने माणसे किती नेमायची, हे सिस्टर ठरवत नाही. अतिदक्षता विभागात एका रुग्णाला एक परिचारिका हवी, असे निकष सांगतात. जिच्या हाती अधिकार नाही, तिच्या माथी सगळी जबाबदारी टाकता येणार नाही.

आजार बदलले, काम वाढले

पूर्वी साथीचे रोग, बाळंतपण, अपघात एवढेच मोठे काम होते. आज घरोघरी शुगर आणि बीपी आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. डायलिसिसचे रुग्ण, कॅन्सरचे रुग्ण, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, मनाने खचलेली तरुण पोरे हे सगळे सिस्टरच्या पुढ्यात येतात. अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेतल्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे झाले आहेत. आणि जगात माणसे कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाख कमी पडत होत्या.

माणसे कमी, म्हणजे उरलेल्यांच्या अंगावर ओझे. कंबरदुखी, पायाच्या शिरा फुगणे, झोप उडणे, चिडचिड होणे. काही जणींना कामावर जावेसेच वाटत नाही, रुग्णाचे रडणे ऐकूनही काही वाटेनासे होते. तो आळस नव्हे. मन दमल्याची ती खूण आहे. दमलेल्या हाताकडून औषधाची चूक होऊ शकते. म्हणून सिस्टरची तब्येत हा रुग्णाच्याही जिवाचा प्रश्न आहे.

इन्चार्ज सिस्टर कशी असावी

पुढारीपण म्हणजे मोठ्याने बोलणे नव्हे. वॉर्डमध्ये ते लहान लहान गोष्टींत दिसते. ड्युटीचा तक्ता न्यायाने लावणे, एकीलाच सारख्या नाइट न देणे, चार्ज देता-घेता प्रत्येक रुग्णाची नीट माहिती देणे, इमर्जन्सी ट्रॉली रोज तपासणे. डोस चुकीचा वाटला तर 'सर, एकदा पाहता का?' असे न घाबरता विचारणे. नव्या मुलीची चूक झाली तर सगळ्यांपुढे न झापता बाजूला घेऊन शिकवणे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहून ठेवणे. माणसे कमी आहेत, प्लगमधून ठिणगी उडते, हातमोजे संपले, हे तोंडी सांगून सोडू नये. तारखेसह लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कागदाचे बळ काय असते, हे बाबासाहेबांच्या लेकींना वेगळे सांगायला नको.

हे पद आपल्या मुलींना मिळायचे तर शिक्षण थांबता कामा नये. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जी.एन.एम. नंतर नोंदणी करून दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते आणि पुढे एम.एस्सी. करता येते. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदाची वाट बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांनाही खुली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

घरच्यांनी आणि सिस्टरनी ध्यानात ठेवावे

- नाइट करून आलेल्या बाईला सलग झोप मिळू द्या. खोलीत अंधार करा, टीव्ही बंद ठेवा. भाकरी त्या दिवशी सासूने, नवऱ्याने किंवा मुलाने थापली तर काही बिघडत नाही.

- सुई टोचली तर जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. दाबून रक्त काढू नका. लगेच कळवा. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. काविळीच्या (हिपॅटायटिस बी) लसीचे तीन डोस आधीच पूर्ण करून ठेवा.

- दवाखान्यात मारहाण झाली तर सहन करू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि हा कायदा परिचारिकांनाही लागू आहे.

- दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. तिच्या सदस्यांची नावे माहीत करून घ्या.

- आपण रुग्ण असू तेव्हा सिस्टरला खरे सांगा. गोळ्या बंद केल्या असतील तर लपवू नका. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी सरकारी केंद्रात मोफत तपासतात, तेथे जा.

विहारातील महिला मंडळांना एक विनंती. वर्षावासात एक दिवस तालुक्यातील आपल्या सर्व सिस्टर, आरोग्य सेविका आणि आशाताईंना विहारात बोलवा. सत्काराचे नारळ-शाल राहू द्या. त्यांना बसवा, चहा द्या आणि बोलू द्या. कोणाला किती तास काम आहे, कोणाचा पगार थकला आहे, कोणाला झोप लागत नाही, हे ऐकून घ्या. शुगर-बीपीची तपासणी त्या दिवशी त्यांची करा. ज्याला कोणी पाहत नाही त्याला संघाने पाहावे, हा तथागतांचा नियम आजही लागू आहे, आणि आपल्या गावात संघटित समाज म्हणजे आपणच आहोत.

नमो बुद्धाय! जयभीम!