पातालपानीची उतरण

सह्याद्रीकडील आप्तेष्टांनी आपल्या पावसाळी भटकंतीची वर्णने सांगितली की माळव्यातील मराठी माणसाला थोडे उणे वाटते. आपल्याकडे काय, तर सपाट काळी माती आणि सोयाबीनची शेते! परंतु हे उणेपण महूपर्यंतच खरे. महूपासून थोड्याच अंतरावर माळव्याचे पठार एकाएकी तुटते आणि चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली झेप घेते. तेच पातालपानी.

आमच्या उज्जैनच्या माधवनगरात पडलेला पाऊस क्षिप्रेतून चंबळेला, पुढे यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला जातो. पातालपानीचे पाणी मात्र चोरलेतून नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्र गाठते. अवघ्या दीड-दोन तासांच्या प्रवासात आपण पाणलोट ओलांडून दुसऱ्या समुद्राच्या बाजूला उतरतो, हे आमच्यापैकी कित्येकांना ठाऊकच नव्हते.

या उतरणीवरून रेल्वे नेणे सोपे नव्हते. खांडवा-इंदूर मार्गासाठी महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले होते. त्या मार्गाचा पातालपानी ते कालाकुंड हा घाट चाळीसास एक अशा चढाचा. २५ डिसेंबर २०१८ रोजी त्यावर वारसागाडी सुरू झाली. श्रावणातील एका रविवारी पातालपानीहून दरीतील पायवाटेने कालाकुंडला उतरावे आणि दुपारी त्या गाडीने वर यावे, असा आमचा बेत होता. तिकिटे आधीच काढली होती.

आम्ही सात जण. सर्वांत धाकटा १९ वर्षांचा, थोरले काका ६३ वर्षांचे. पहाटे साडेचारला निघालो, महूला पोहे खाल्ले, आणि आठच्या सुमारास पातालपानीला टंट्या भिल्लाच्या स्मारकापाशी हात जोडून उभे राहिलो. १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेलेल्या या वीराला इकडचे लोक आजही ‘टंट्यामामा’ म्हणतात. जवळच्या पाड्यावरील एक भिल्ल गृहस्थ वाटाड्या म्हणून मिळाले.

कठड्यापासून धबधबा पाहणे आणि त्याच्या दरीत उतरणे यांत फार अंतर आहे. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा काळा पाषाण पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला आहे. पण एकेक पायरी कमरेएवढी, आणि तिच्यावर शेवाळ. पहिल्या तासात आम्ही बोलणेच सोडले होते. हातात साग किंवा पळसाचे खोड आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, हा वाटाड्याचा नियम. खाली गेल्यावर मात्र श्रमांचा विसर पडला. दोन्ही कड्यांवरून बारीकबारीक धारा कोसळत होत्या. त्यांतील एकीखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मावशींनी आणलेला मोरांबा तेथेच संपला, याबद्दल पुढे वाद झाला, तो असो.

अकराच्या सुमारास अर्ध्याहून अधिक वाट सरली, आणि एक आडवा नाला लागला. पाणी गुडघाभर, रुंदी फार तर चाळीस फूट. वाटाड्या थांबले. त्यांनी काठावर, पाण्याला लागून, एक मूठभर दगड ठेवला आणि विडी पेटवली. विडी संपण्यापूर्वीच दगड बुडाला होता. आमच्या डोक्यावर ऊन होते. पण उत्तरेला, महूच्या अंगाला, आभाळ काळेनिळे झाले होते. पाण्याचा रंगही चहासारखा होऊ लागला होता.

“काका, गुडघाभर तर पाणी आहे, हात धरून दोन मिनिटांत जाऊ,” धाकट्याने म्हटले. त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. पलीकडे गेलो तर गाडी मिळणार होती; परत फिरलो तर सारा कडा पुन्हा चढायचा होता, आणि काकांचे गुडघे आम्हाला ठाऊक होते. परंतु येथील पाणी येथल्या पावसावर चढत नाही. वरच्या पठारावरील भिजून तुडुंब झालेली काळी माती पुढचा पाऊस जिरवून घेत नाही. तो सगळा नाल्यांनी धावत या चिंचोळ्या दरीत येतो. १७ जुलै २०११ रोजी याच पातालपानीला पाच जण अचानक वाढलेल्या प्रवाहात अडकून वाहून गेले आणि त्यांतील तिघे दगावले. ते दृश्य दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले होते. काकांनी एवढेच विचारले, “मागच्या वाटेवर कुठे नाला आहे का?” वाटाड्यांनी मान हलवून नाही म्हटले. आम्ही फिरलो.

चढायला चार तास लागले. काकांना दर वीस पावलांनी बसवावे लागे. धाकट्याने त्यांची पिशवी घेतली आणि शेवटच्या टप्प्यात त्यांना अक्षरशः खांद्याचा आधार दिला. अर्ध्या चढावर दरीतून गडगडाट ऐकू आला. खाली पाहिले, तर सकाळी ज्या खडकांवर आम्ही शिदोरी सोडली होती ते दिसेनासे झाले होते. थोड्या वेळाने गाडीची शीळ झाली. आमची सात आसने रिकामीच वर चालली होती, आणि कालाकुंड स्थानकावर पळसाच्या पानात मिळणारा प्रसिद्ध कलाकंदही गेला.

वर पोहोचल्यावर वाटाड्यांना ठरलेले पैसे देऊ लागलो, तर ते निम्मेच घेईनात का! वाट पुरी झाली नाही, असे त्यांचे म्हणणे. मावशींनी पुरे पैसे त्यांच्या हातात कोंबले आणि कार्तिकात, वाट कोरडी झाल्यावर, पुन्हा येतो असे सांगितले.