कल्पित सहचर : तो की ती?

माणसाने एकांतात आपल्या मनातून दुसरे माणूस घडवावे, त्याच्याशी बोलावे, त्याचे ऐकावे, आणि कालांतराने ते आपल्या इच्छेवाचूनही वागू लागले आहे असे त्याच्या अनुभवास यावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. कवीची प्रेरणादेवता, भक्ताचा सखा, एकाकी मुलाचा अदृश्य खेळगडी ही सारी एकाच कुळातली मंडळी होत. या घडवण्याच्या आरंभीच एक प्रश्न उभा राहतो : हा सोबती पुरुष असावा की स्त्री? वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात कवीचे भाषेशी, समाजाशी आणि स्वतःशी असलेले नाते गुंतलेले असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही भारतीय उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

आरंभ मात्र तिबेटपासून करणे सोयीचे होईल. १९२४ साली वेषांतर करून ल्हासाला पोहोचलेल्या अलेक्सांद्र दाव्हिद-नेएल या फ्रेंच विदुषीने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘तुल्पा’ची हकिकत सांगितली आहे. तुल्पा म्हणजे एकाग्र चिंतनाने निर्माण केलेली आकृती. मूळ तिबेटी शब्द संस्कृतातील ‘निर्माण’ या बौद्ध संज्ञेचा प्रतिशब्द होय. ‘निर्माणकाय’ या शब्दात ती संज्ञा आपल्याला भेटते. बाईंनी स्वतःवरच प्रयोग करावयाचे ठरवले. लामांच्या देवदेवतांची चित्रे व मूर्ती सतत डोळ्यांपुढे असल्याने त्यांचा प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम एक अगदी सामान्य पात्र निवडले : ठेंगणा, लठ्ठ, भोळा व आनंदी भिक्षू. काही महिन्यांनी तो दिसू लागला; प्रवासात बरोबर चालू लागला. पुढे तो परवानगीवाचून बदलला. गुबगुबीत चेहरा वाळला, त्यावर कुत्सित भाव आला. त्याला नाहीसा करण्यास सहा महिने झगडावे लागले, असे बाई सांगतात.

ही हकिकत कितपत खरी मानावी, हा आपला प्रश्न नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. बाईंनी उंची निवडली, अंगकाठी निवडली, स्वभाव निवडला. भिक्षूचे पुरुषत्व मात्र त्यांनी वेगळे निवडल्याचे दिसत नाही. वेष ठरला, धंदा ठरला, आणि त्यांच्या पाठोपाठ लिंग आपोआप चालत आले. कल्पित सहचराच्या बाबतीत बहुधा असेच घडते. निर्माता प्रथम भूमिका ठरवतो आणि त्या भूमिकेला समाजाने जे लिंग दिलेले असते ते न विचारता स्वीकारतो. ज्याला तो आपली निवड समजतो ती पुष्कळदा निवड नसतेच.

याच्या उलट टोकाची कथा त्याच परंपरेत आहे. तारनाथ या तिबेटी पंडिताने १६०४ साली तारादेवीच्या उगमाची कथा लिहिली. तीत ज्ञानचंद्रा नावाच्या राजकन्येला भिक्षू सल्ला देतात की, तुझे पुण्य मोठे आहे, तेव्हा पुढील जन्मी पुरुषदेहाची प्रार्थना कर. ती उत्तरते की, स्त्री आणि पुरुष हा भेद वस्तुतः नाहीच. परंतु पुरुषदेहाने बोधी इच्छिणारे पुष्कळ आहेत आणि स्त्रीदेहाने जीवांचे हित साधणारे विरळा. तेव्हा संसार रिता होईपर्यंत मी स्त्रीदेहातच राहीन. येथे लिंग जाणीवपूर्वक निवडलेले आहे, आणि निवडणारा उपासक नाही. ज्या देवतेचे ध्यान करावयाचे तीच ते निवडते. सोबत्याचे लिंग कोणी ठरवावयाचे, घडवणाऱ्याने की घडणाऱ्याने, हा प्रश्न या दोन कथा शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होतो.

आता सुब्रह्मण्य भारतींकडे वळू. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कण्णन् पाट्टु’ या गीतमालिकेत कृष्ण हा कवीचा सहचर आहे. परंतु तो एका रूपात ठरत नाही. मित्र, आई, बाप, चाकर, राजा, शिष्य, सद्गुरू, खोडकर पोर, प्रियकर, धनी अशी त्याची रूपे पालटत जातात. इतकेच नव्हे, तर काही गीतांत कण्णन् हा ‘कण्णम्मा’ होतो : लाडके लेकरू म्हणून, प्रेयसी म्हणून आणि कुलदेवता म्हणून.

या प्रयोगाचे नावीन्य समजण्यासाठी तमिळ परंपरेची आठवण ठेवली पाहिजे. आळवारांनी कृष्णाशी अनेक नाती जोडली. पेरियाळवार आईच्या वात्सल्याने गायले. नम्माळवार आणि तिरुमंगै आळवार यांनी विरहिणीचा आवाज घेतला. मात्र या परंपरेत नाते पालटले की लिंग पालटते ते गाणाऱ्याचे. देव पुरुषच राहतो. ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिण्यांतही हाच प्रकार आहे. भारतींनी हा मार्ग सोडला नाही. प्रियकर कण्णन्‌च्या गीतांत त्यांनीही नायिकेचा आवाज घेतला आहे. परंतु त्याच्या जोडीला त्यांनी दुसरा मार्ग काढला : स्वतः पुरुष राहून सहचरालाच स्त्री केले. एकाच ग्रंथात दोन्ही मार्ग असल्यामुळे लिंग हा सहचराचा स्थिर गुण नसून दोघांमधील नात्याचा धर्म आहे, हे वाचकाला प्रत्यक्ष दिसते.

तरीही भारतींचे स्वातंत्र्य अमर्याद नव्हते. राजा, गुरू, शिष्य, चाकर, मित्र या साऱ्या भूमिकांत कण्णन् पुरुषच आहे. कण्णम्मा राजा होत नाही, गुरूही होत नाही. दाव्हिद-नेएल बाईंच्या भिक्षूप्रमाणे येथेही धंद्याबरोबर लिंग आलेले आहे. अपवाद एकच, आणि तो अर्थपूर्ण आहे. आईच्या गीतात सहचराचे नाव कण्णम्मा असावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु शीर्षकात कवीने ‘कण्णन्’ हेच पुरुषवाचक नाव ठेवले आहे. नाव पुरुषाचे आणि नाते आईचे. भूमिका आणि लिंग यांची गाठ येथे सुटली आहे.

रवींद्रनाथांच्या जीवनदेवतेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘सोनार तरी’ (१८९४) या संग्रहातील ‘मानससुंदरी’ आणि ‘निरुद्देश यात्रा’ या कवितांत अंतरीची सहचरी उघडउघड स्त्री आहे. ‘चित्रा’ (१८९६) या संग्रहातील ‘अंतर्यामी’ या कवितेतही संबोधन स्त्रीवाचक आहे. पण त्याच संग्रहातील ‘जीवनदेवता’ या कवितेत संबोधन जीवनाच्या नाथाला आहे, आणि अखेरीस कवी नव्या विवाहबंधनाची याचना करतो. एकाच संग्रहात ती ‘तो’ झाली. या सहचरीमागे कवीच्या आयुष्यातील कोणती स्त्री होती, याचा शोध चरित्रकारांनी पुष्कळ घेतला. १८८४ साली निवर्तलेल्या कादंबरी देवींचे नाव त्यात वारंवार येते. तो शोध त्याच्या जागी योग्य असेल. परंतु स्त्रीचे मूळ सापडले तरी पुढील कवितेतील पुरुषाचा उलगडा त्याने होत नाही.

तो उलगडा काही अंशी बंगाली व्याकरणात आहे. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. ‘सोनार तरी’ या शीर्षक-कवितेत नाव वल्हवीत जे कोणी येते ते स्त्री की पुरुष, हे सांगण्याची सक्ती कवीवर होत नाही. विशेषण किंवा संबोधन वापरीपर्यंत तो निर्णय पुढे ढकलू शकतो, आणि वाटल्यास फिरवूही शकतो. तमिळमध्ये ‘तू’ लिंगहीन असतो. ‘तो’ आणि ‘ती’ म्हणताच भेद उघड होतो. प्रत्येक भाषेने कवीला दिलेली मोकळीक निराळी आहे.

मराठीत ही मोकळीक सर्वांत कमी, असे प्रथमदर्शनी वाटते. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते; ‘मी जातो’ की ‘मी जाते’ म्हणताना बोलणाऱ्यालाही स्वतःचे लिंग सांगावे लागते. तथापि बारकाईने पाहिले तर मराठीतही काही मोकळ्या जागा आहेत. ‘तू येशील’ यात लिंग नाही, ‘ये’ या आज्ञार्थात नाही, ‘तू येत आहेस’ यातही नाही. ‘तू हाक मारलीस’ या वाक्यात क्रियापद हाकेच्या लिंगाने चालते, हाक मारणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे मराठीतील सहचर येणार असतो, येत असतो, तोवर तो लिंगातीत राहू शकतो. आला म्हटले की मात्र तो पुरुष किंवा स्त्री, अगर ‘ते’, होतो. हा केवळ वैयाकरणाचा तपशील नव्हे. ‘सोनार तरी’चा मराठी अनुवादक ‘गात येतो’ किंवा ‘गात येते’ लिहितो तेव्हा रवींद्रांनी न घेतलेला निर्णय तो त्यांच्या वतीने घेतो. ‘गात कोण येत आहे’ असे म्हणण्याची वाट उपलब्ध असताना तो निर्णय नकळत घेतला जावा, हे वाचकाचे नुकसान आहे.

सक्तीच्या व्याकरणातून काव्य कसे निघते, याचा धडा मात्र मराठी संतांकडूनच घ्यावा लागतो. विठोबा पुल्लिंगी, विठाई स्त्रीलिंगी. एकाच देवाला दोन्ही नावांनी हाक मारण्यात वारकऱ्याला विसंगती वाटत नाही. आळंदीहून पालखी निघते तेव्हा ज्ञानदेवांसाठी ‘माउली निघाली’ असेच म्हटले जाते, आणि वाटेत वारकरी परस्परांना, स्त्री असो वा पुरुष, ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल हा दळणकांडणाचा सोबती आहे. जात्यापाशी समोर बसणारी व्यक्ती म्हणजे घरची दुसरी बाई. ती जागा विठ्ठल घेतो. जनाबाईंच्याच नावावरील एका सुप्रसिद्ध अभंगात विठोबाला ‘लेकुरवाळा’ म्हटले आहे. एरवी हे विशेषण पोराबाळांनी वेढलेल्या बाईला लावावयाचे. येथे त्याला पुल्लिंगी प्रत्यय लावून ते देवाला दिले आहे. व्याकरण पुरुषाचे आणि चित्र आईचे. भारतींच्या ‘कण्णन्’ नावाच्या आईशी याचे साम्य सहज लक्षात येईल. एवंच, जी भाषा लिंग लपवू देत नाही तिने लिंग आणि नाते यांना एकमेकांशेजारी उघडपणे विसंगत उभे केले, आणि त्या विसंगतीतच जिव्हाळा भरला.

आजही निरनिराळ्या देशांतील काही तरुण माणसे तुल्पा हाच शब्द घेऊन असे सोबती मनात घडवतात आणि त्याचे लिंग आपण ठरवावे की त्याला ठरवू द्यावे, याची चर्चा करतात. त्या प्रयोगांचे मूल्यमापन मानसशास्त्रज्ञांनी करावे. वाङ्मयाच्या अनुभवातून मात्र एवढे निश्चित सांगता येते : आपल्याला कोणाची उणीव भासते हे ज्याने आधी ओळखले, त्याचे लिंग चुकत नाही. जनाबाईंना पहाटेच्या जात्यापाशी दुसरा हात हवा होता. तो कोणाचा असावा हे त्यांनी आधी ठरवले नाही. उलट, ज्याने केवळ आकृती ठरवली आणि नाते मोकळे सोडले, त्याच्या वाट्याला वाळत जाणारा, कुत्सित हसणारा भिक्षू येण्याचा संभव असतो.

समीक्षकाने आणि अनुवादकानेही हाच क्रम पाळावा. ‘ही स्त्री कोण?’ किंवा ‘हा पुरुष कोण?’ हा प्रश्न दुसरा. या दोघांमध्ये काय चालले आहे, हा पहिला. त्याचे उत्तर मिळाल्यावर तो की ती, हे कविता स्वतःच सांगेल. आणि ती सांगत नसेल, तर आपणही ‘येत आहे’ एवढेच म्हणून थांबावे.