शेतकऱ्याची अवजारे : लेखांक नववा – साखळीकरवतीची पारख

मागील लेखांकात कडबाकुट्टीच्या पात्यांचा विचार केला; या खेपेस, वैशाख सरत आला असताना आणि वळवाच्या वाऱ्याने बांधावरची बाभूळ कोणत्या रात्री आडवी होईल याचा नेम नसताना, ज्या यंत्राची चौकशी कऱ्हाडपासून तासगावपर्यंत दुकानोदुकानी होऊ लागते, त्या साखळीकरवतीकडे, म्हणजे चालू बोलीतल्या चेनसॉकडे, वळणे उचित होईल. विचारणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे?

या प्रश्नाला आपल्या मुलखात जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर खपवण्यात दोन वर्षे गेली. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला, आणि १९१० साली निवडुंगाच्या व सापांच्या त्या ओसाडीत किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि वाडी सांगली जिल्ह्यात. ज्या शेतकऱ्याने आरंभी नांगराला हात लावला नाही, त्याचा विश्वास पुढे कशाने बसला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जाहिरातीचा आणि कारखानदाराच्या सचोटीचा त्यात वाटा होताच, परंतु कृष्णाकाठच्या माणसापुरते बोलावयाचे तर मला सर्वांत मोठे कारण हे वाटते की, फाळ झिजला तर तो जेथे घडला ते ठिकाण त्याच्या बैलगाडीच्या टप्प्यात होते.

साखळीकरवतीच्या बाबतीत याच्या उलट अनुभव घरचाच आहे : माझ्या चुलत्यांनी वाळवे तालुक्यातल्या मळ्यासाठी एका प्रदर्शनातून अनोळखी नावाचे स्वस्त यंत्र आणले. एक हंगाम ते झकास चालले. दुसऱ्या हंगामात दोरी ओढून यंत्र सुरू करावयाची स्प्रिंग तुटली, आणि तेवढी एक स्प्रिंग इस्लामपूर, सांगली, कोल्हापूर अशी तिन्ही ठिकाणे पालथी घालूनही मिळाली नाही, सबब यंत्र दोन वर्षे गोठ्याच्या खुंटीला लटकत राहिले आणि बांधावरची लाकडे कुऱ्हाडीनेच फुटली.

नामांकित घराण्यांविषयी आदर बाळगण्यास कारण आहे. आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे कारखाना काढला, तेव्हाची त्यांची विजेवरची करवत ६४ किलो वजनाची होती आणि ती पेलण्यास दोन माणसे लागत. आज त्याच घराण्याचे एमएस १८० हे ३१.८ घनसेंटिमीटरचे यंत्र, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) व चेन वगळता, सुमारे ४ किलो भरते. स्वीडनमधील हुस्कवार्ना मुळात १६८९ सालचा बंदुकांचा कारखाना. साखळीकरवती तेथे १९५९ पासून होऊ लागल्या. दोन्ही विश्वासार्ह आहेत, आणि त्यांच्यातला फरक आपल्या शेतकऱ्याला जितका जाणवेल, त्याहून विक्रेत्या-विक्रेत्यांमधला फरक कितीतरी अधिक जाणवेल. म्हणून किंमत विचारण्याआधी स्पार्क प्लग, एअर फिल्टर, दोरीची स्प्रिंग आणि त्याच बारची दुसरी चेन फळीवरून काढून दाखवावयास सांगावे. ‘मागवून देतो’ हे उत्तर मी नकारातच धरतो. वर्षातून दहा-पंधरा दिवस फांद्या आणि पडझड कापणाऱ्याला ३० ते ४५ घनसेंटिमीटर आणि १४ ते १६ इंचांचा बार पुरेसा होतो. मॅग्नेशियमच्या सांगाड्याचे महागडे यंत्र वखारीवाल्यासाठी आहे.

खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नये. पुस्तिकेतून सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव सेंटिमीटरमध्ये घ्यावी, व्यासाचा वर्ग करून त्यास धावेने व पुन्हा ०.७८५ ने गुणावे : व्यास ४.५२ आणि धाव ३.४ असेल, तर यंत्र सुमारे ५४.५ घनसेंटिमीटरचे ठरते, मग खोक्यावर ५८ का असेना.

तेलाची हयगय चांगल्या यंत्राचाही घात करते. उत्तम टू-स्ट्रोक तेल १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर लागते. कित्येक स्वस्त यंत्रांच्या पुस्तिकेत ४० सांगितलेले असते, ते तसेच पाळावे. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडची रीत सोडली पाहिजे, कारण त्यातला धातूचा कीस बार आणि तेलाचा पंप दोन्ही खातो. आताच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते; पाटण-जावळीसारख्या पावसाच्या तालुक्यांत तर मृग लागण्यापूर्वी टाकी रिकामी करून, यंत्र बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवावे.

झाड आपल्या मालकीचे असले, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतील आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, साग यांना परवानगीवाचून करवत लावता येत नाही. ती तजवीज अगोदर करावी.

आणि पैसे मोजण्यापूर्वी दुकानाच्या दारातच एक गोष्ट पाहावी. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. ते थोपवण्यासाठी पुढच्या मुठीसमोर ब्रेकचा दांडा असतो. विक्रेत्याला यंत्र सुरू करून वेग देण्यास सांगावे आणि मनगटाच्या पाठीने तो दांडा पुढे लोटावयास लावावा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. ती किंचितही घसरत राहिली, तर नाव कितीही मोठे असो, ते यंत्र घरी आणू नये.