चिमूटभर धातूचा पसारा

वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या परिसरात कापसाचा हंगाम संपला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्या चुलीत जाळल्या की उष्णता मिळते. पण लाकूड बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवले, तर निघणाऱ्या वाफांतून थोडे मिथेनॉल मिळते. म्हणूनच त्याला 'काष्ठ-मद्यार्क' असेही म्हणतात. हा द्रव विषारी आहे. परंतु त्यापासून सरळ वीज मिळवता येते.

मिथेनॉलच्या इंधन-घटात ज्योत नसते. एका इलेक्ट्रोडवर मिथेनॉल व पाणी यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे ६ इलेक्ट्रॉन सुटतात. ते तारेतून वाहतात, तीच वीज. ही क्रिया एरवी फार मंद चालते. तिला वेग देणारा उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम. हा धातू दुर्मीळ व महाग, आणि त्याचे फक्त पृष्ठभागावरचे अणूच कामी येतात!

यावर उपाय काय? बटाट्याचा २ सेंटिमीटर बाजूचा घन कापा. त्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे ८ सारखे घन करा. एकूण पृष्ठफळ ४८ झाले. बटाटा तेवढाच, पृष्ठभाग दुप्पट! १ ग्रॅम प्लॅटिनमच्या घनाचे पृष्ठफळ १ चौरस सेंटिमीटरहूनही कमी भरते. पण त्याचेच ३ नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर ते सुमारे ९० चौरस मीटर होते.

मात्र असे कण सुटे ठेवले तर एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणून ते कर्बावर बसवतात. काजळ धरताना वाटीवर काजळी जमते ना? तशीच, पण खास रीतीने केलेली काजळी येथे वापरतात. ती कणांना दूर दूर ठेवते आणि विद्युत्‌वाहक असल्याने इलेक्ट्रॉनांना वाटही देते.

तरी एक अडचण उरतेच. अर्धवट क्रियेतून झालेला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर ठाण मांडून बसतो. म्हणून जोडीला रुथेनियम हा धातू घालतात. तो पाण्यातील ऑक्सिजन पुरवून त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर घडवतो व जागा मोकळी होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी कंपनी यांनी इंधन-घटावरील मोटार चालवून दाखवली. तिचे इंधन हायड्रोजन होते. पण प्लॅटिनमच्या काटकसरीचा प्रश्न अशा घटांनाही सुटलेला नाही.

आता एक गणित तुमच्यासाठी. वापरता वापरता कण जुळून त्यांचा व्यास ३ ऐवजी ६ नॅनोमीटर झाला, तर ९० चौरस मीटरपैकी किती उरतील?